लाल कागदाचा पहिला टप्पा

रात्रीच्या आकाशात सोडायच्या फुग्याखाली पेटती मेणबत्ती टांगणे, हे ज्या सरकारी नोकरीत कर्तव्य समजले जाते, ती नोकरी मी वयाच्या सदतिसाव्या वर्षी धरली. तोवर माझी भौतिकशास्त्राची पदवी लोखंडी कपाटात, ठेवणीतल्या साड्यांच्या खाली, घडी मोडू नये अशा बेताने पडून होती. माझे पती वेधशाळेत होते. त्यांच्या पश्चात ती जागा मला देऊ करण्यात आली आणि मला कोणालाही ‘नाही’ म्हणता येत नसल्यामुळे मी ‘हो’ म्हटले. या स्वभावदोषाला पुढे कशी फळे आली, ते सांगण्याचा आग्रह या अंकाच्या संपादकबाईंनी धरला. त्यांनाही मला ‘नाही’ म्हणता आले नाही.

वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. नोकरीच्या बावीस वर्षांत मी जे काही लिहिले ते सारे अंकांत लिहिले. अक्षरांत लिहिण्याचा हा पहिलाच प्रसंग. तेव्हा वाक्ये जरा काटकोनात वळली तर सांभाळून घ्यावे.

आमच्या वेधशाळेचे नाव मी सांगणार नाही. विक्रोळीच्या उत्तरेला, मिठागरांच्या कडेने एका मोकळ्या मैदानात ती होती, एवढे पुरे आहे. निवृत्तिवेतन अजून महिन्याच्या महिन्याला येते आणि ते तसेच येत राहावे अशी माझी इच्छा आहे.

वेधशाळेतली माणसे पाऊस सांगतात, असा सार्वत्रिक समज आहे. पाऊस सांगणारे साहेब वेगळे. ते शहरात, पंख्याखाली बसत. आम्ही फक्त मोजत असू. जमिनीवरचा वारा मोजणे सोपे. पण वर, ढगांच्या उंचीवर, वारा कोणत्या दिशेने आणि किती जोरात वाहतो आहे, हे कळायला कोणीतरी वर जायला हवे. आम्ही फुगा पाठवीत असू. हायड्रोजन भरलेला रबरी फुगा ठरलेल्या वेगाने वर चढतो. तो वेग साधावा म्हणून किती वायू भरायचा ते त्याला वजने टांगून ठरवतात. फुगा एकदा सुटला की थिओडोलाइटला, म्हणजे कोन मोजणाऱ्या दुर्बिणीला, डोळा लावून दर मिनिटाला दोन आकडे वाचायचे. फुगा कोणत्या दिशेला आहे, हा एक. आणि किती उंच दिसतो आहे, हा दुसरा. बिचाऱ्याला स्वतःचे मत नसते. वारा नेईल तिकडे तो जातो. त्यामुळे तो कुठे गेला हे कळले की वारा कुठे गेला हे कळते. मला हा फुगा पहिल्या दिवसापासून आपल्या नात्यातला वाटत आला.

दिवसा हे सारे सुखाने होई. परंतु जगभरच्या वेधशाळा एकाच घटकेला वेध घेतात, आणि त्या घटकांपैकी एक आपल्याकडे रात्री साडेअकराला येते. अंधारात फुगा दिसायचा कसा? म्हणून त्याच्याखाली लांब दोरीवर पांढऱ्या कागदाचा एक लहानसा कंदील बांधीत. दिवाळीतल्या आकाशकंदिलाचे धाकटे भावंडच म्हणा. त्यात मेणबत्ती. वर हायड्रोजन, खाली ज्योत, आणि दोहोंच्या मध्ये एक दोरी आणि सावंत.

सावंत आमच्याकडे फुगे भरीत आणि कंदील बनवीत. मूळचे मालवणकडचे, मिशा भरघोस, हात अत्यंत हलका. पहिल्या रात्री मी कंदिलापासून आठ पावलांवर उभी राहिलेली पाहून ते म्हणाले, “बाईनू, घाबरतास कित्याक? फुगो पेटलो तर आधी माझी मिशी जातली. तुमका काय, मिशीच नाय!” या युक्तिवादात काय चूक आहे ते मला सांगता येईना, म्हणून मी चार पावले पुढे झाले.

आमच्याकडे गिऱ्हाईक येण्याचे काही कारण नव्हते, तरी येत असे. बहुतेक दूरध्वनीवरून. घाटकोपरच्या एक पापडवाल्या बाई रोज सकाळी आठला विचारीत, “काय हो, आज वाळत घालू का?” मी नियमाप्रमाणे सांगे, “पूर्वानुमान देण्याचा आम्हाला अधिकार नाही.” त्यावर त्या म्हणत, “अधिकार राहू दे गं बाई, खिडकीतनं बघ आणि सांग.” मी खिडकीतून पाही आणि सांगे. माझे अंदाज साहेबांपेक्षा जास्त वेळा बरोबर आले, असे त्यांचे मत होते, आणि वर्षातून एकदा त्या पापडांचे एक पुडके पाठवून ते नोंदवीत. मुलुंडच्या एका वरपित्याला तर लेखी हवे होते. “मॅडम, लग्न मैदानात आहे. पाऊस येणार नाही असं लिहून द्या.” मी म्हटले, “पण लग्न मे महिन्यात आहे ना?” ते म्हणाले, “मग द्यायला तुमचं काय जातं?” एकदा भांडुपहून एक गृहस्थ हवालदाराला बरोबर घेऊन आले. पहाटे त्यांच्या अंगणात फाटके रबर, दोरी आणि जळका कागद पडला होता आणि हे परक्या देशाचे हेरगिरीचे यंत्र असल्याची त्यांची खात्री होती. सावंतांनी ते हातात घेऊन उलटसुलट केले. “परदेशी खंयचा? गाठ बघा. ही गाठ माझी आसा.” हवालदाराने गाठ पाहिली, सावंतांकडे पाहिले, आणि चहा घेऊन दोघे परत गेले.

चहाचा उल्लेख आला ते बरे झाले. आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहिते आहे, त्याकडे वळते.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचा सुमार असेल. मी नाहूरला एका चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होते. आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सचिव पाटणकर. विमा कचेरीत हुद्द्यावर होते, आवाज खणखणीत, आणि जिन्याखालचा सूचनाफलक हा त्यांचा प्राण. तिसऱ्या मजल्यावर कांबळेकाका. बसच्या डेपोत फिटर होते, आदल्या वर्षीच निवृत्त झालेले. मूळचे सातारा जिल्ह्यातले. पत्नी वारलेली, एकुलता मुलगा आनंद दूर दक्षिणेला नोकरीवर. दारावरच्या पाटीत नावाखाली लहान, रेखीव अक्षरांत ‘जय भीम’ लिहिलेले होते. काका राहायला आले त्या दिवसापासून पाटणकरांचा चहा नेमका आत्ताच झालेला असे. काका दार उघडून म्हणत, “या, चहा घ्या.” पाटणकर जिन्यावरूनच म्हणत, “आत्ताच झाला!” पाहता पाहता हे उत्तर चारही मजल्यांवर पसरले. घरोघरी चहा इतका आत्ताच होत असलेली दुसरी इमारत पूर्व उपनगरांत नसेल. मी एकटी त्यांच्याकडे चहा घेत असे. पण या विषयावर जिन्यात उभे राहून चार शब्द बोलावेत, एवढा आवाज मला नव्हता. मुकाट्याने चहा प्यायला फारसे धैर्य लागत नाही, हे मला तेव्हाही कळत होते.

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी काका आनंदचे आंतरदेशीय पत्र घेऊन माझ्या दारात उभे राहिले. आनंद ज्या केंद्रात होता, तिथून वरच्या हवेचा अभ्यास करणारी छोटी रॉकेटे आकाशात सोडीत. फुगा जिथे फुटतो त्याच्याही कितीतरी वर ती जात. एका परीने आमच्या फुग्याचे ते थोर बंधू. पत्रात आनंदने लिहिले होते की, येत्या बुधवारी रात्री साडेअकराच्या सुमारास रॉकेट सुटणार असून ते ज्या लोखंडी रुळावरून सुटते, तो रूळ या खेपेस त्याने स्वतःच्या हातांनी बसवला आहे.

“ताई,” काका चष्मा पुसत म्हणाले, “पोरानं डेपोत चिकटावं म्हणून मी लई भांडलो होतो. दोन वर्षं झाली, आला नाही. आता एवढं कळवलंय.” मग पत्राची घडी घालीत, “इथून दिसंल का हो?”

मी त्यांना बसवून कागदावर आकडेमोड केली. एकदा केली, उत्तर आवडले नाही म्हणून पुन्हा केली. रॉकेट अगदी पूर्ण उंचीवर गेले तरी आमच्या क्षितिजाखालीच राहत होते, आणि त्याची ज्वाळा तर त्याच्या कितीतरी आधी विझणार होती. पृथ्वी गोल आहे, ही गोष्ट त्या दिवशी मला प्रथमच गैरसोयीची वाटली. सरळ ‘नाही’ म्हणायला हवे होते. मी म्हणाले, “जरासं क्षितिजाखाली राहतंय, काका.”

दार उघडे होते आणि पाटणकर जिना उतरत होते.

“काय राहतंय खाली?” त्यांनी विचारले, आणि पत्राकडे पाहून, “अरे वा, कांबळे! पोरगा रॉकेट सोडतो म्हणे. आम्ही समजत होतो तिकडे कुठे सायकली दुरुस्त करतो.”

“रूळ बसवलाय त्यानं,” काका हळूच म्हणाले.

“मग बघायलाच पाहिजे! मॅडम, जरासं म्हणजे किती कमी पडतंय?”

“तसं नाही, पृथ्वीच्या वक्रतेमुळे—”

“आपली गच्ची चार मजली आहे.”

“तरीसुद्धा—”

“वर पाण्याची टाकी आहे. टाकीवर उभं राहिलं तर?”

“नाही हो.”

“आणि टाकीवर स्टूल?”

विमा कचेरीतल्या माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट घासाघीस करून थोडी कमी होते असे वाटत असावे. पृथ्वीची वक्रता स्टुलाने भरून निघत नाही, हे मी त्यांना सांगेपर्यंत ते खाली फलकाशी पोहोचलेही होते. तासाभरात सूचना लागली: बुधवारी रात्री ठीक अकरा वाजता सर्व सभासदांनी सहकुटुंब गच्चीवर जमावे, आपल्या संस्थेतील श्री. कांबळे यांच्या चिरंजीवांचे रॉकेट दाखवण्यात येईल, मार्गदर्शन श्रीमती वैद्य (वेधशाळा). ‘दाखवण्यात येईल’ या शब्दांखाली लाल रेघ होती. त्या संध्याकाळी जिन्यात ते कोणाला तरी सांगत होते, ते मी ऐकले: “दिसलं तर संस्थेचं नाव. नाही दिसलं तर कांबळ्यांचं!”

मग हशा.

काकांनीही तो ऐकला असणार. पण दुसऱ्या दिवशी ते मला जिन्यात म्हणाले, “सगळी येणार आहेत म्हणे, ताई. मी चहा ठेवतो सगळ्यांना. दूध सांगून टाकलंय.” त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता, आणि मला पुढचे दिसू लागले. चार मजले गच्चीवर जमणार, रिकाम्या आकाशाकडे पाहणार, मग काकांकडे पाहणार, आणि सगळ्यांचा चहा आत्ताच झालेला असणार.

मी ड्यूटीवर हे सावंतांना सांगितले. सांगताना रडू आले, हे इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही.

सावंत कंदिलाला खळ लावीत होते. ते शांतपणे म्हणाले, “रॉकेट काय करता? वर जाता. आपलो फुगो काय करता? वर जाता. बुधवारी रात्री साडेअकराक आपलो फुगो सुटतलोच. तुमची गच्ची उत्तरेक, आपण दक्षिणेक. रॉकेटय दक्षिणेक. मगे?”

“सावंत, हे खोटं होईल.”

“मी खंय काय बोललंय? मी फक्त दिशा सांगितलंय.”

“आणि आपला कंदील एवढासा. तिथून चांदणीसारखा दिसतो. रोज जातो, कोणाचं लक्षही जात नाही.”

यावर सावंतांनी खळीचा ब्रश खाली ठेवला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू मी त्यांच्या हस्तकलेचा अपमान केला होता. “एवढोसो?” ते म्हणाले.

मी होकार दिला नाही. नकारही दिला नाही. सरकारी कामकाजात या अवस्थेला ‘विचाराधीन’ म्हणतात आणि बरीच मोठमोठी कामे याच अवस्थेत पार पडतात. मी केवळ बुधवारची रात्रपाळी एका सहकाऱ्याशी बदलून घेतली.

बुधवारी रात्री अकरा वाजता गच्ची भरली. सतरंज्या, उशा, चटया, कोणाच्या हातात भेळेचा डबा. आकाश जवळजवळ निरभ्र, खाली मिठागरांवर पुसटसा उजेड. पाटणकर स्वतः टाकीवर चढले होते. गळ्यात दुर्बीण, पायांखाली खरोखरच स्टूल. काका कोपऱ्यात पितळी स्टोव्ह, मोठे पातेले आणि कपबशांची रास घेऊन बसले होते. अंगात डेपोतला धुतलेला खाकी कोट. चहा उकळत होता आणि कोणीही अजून कप उचलला नव्हता. त्या वासाकडे इतक्या माणसांनी इतक्या निर्धाराने दुर्लक्ष केलेले मी पूर्वी पाहिले नव्हते.

“मॅडम, मार्गदर्शन करा!” वरून आज्ञा झाली.

मी आयुष्यात चार माणसांपुढे बोलले नव्हते. कसेबसे म्हणाले, “सर्वांनी दक्षिणेकडे पाहावे.” एवढे वाक्य बोलून माझे भाषण संपले.

साडेअकरा वाजले. काही नाही. अकरा बत्तीस. तेहेतीस. मला कारण ठाऊक होते: फुगा सोडण्याआधी विमानतळाच्या नियंत्रण कक्षाला दूरध्वनी करून परवानगी घ्यावी लागते आणि एखादे विमान उतरायचे असले की थांबवतात. पण हे गच्चीवर सांगायचे कसे?

“काय कांबळे,” टाकीवरून आवाज आला, “तुमच्या चिरंजीवांना काडेपेटी नाही का मिळाली?”

एकदोघे हसले. काकांनी स्टोव्हची आच उगाचच बारीक केली आणि कोटाच्या वरच्या खिशाकडे हात नेला.

तेवढ्यात खारफुटीच्या काळ्या रेषेमागून ते वर आले.

मी इतकी वर्षे फुगे पाहत होते. पण सावंतांच्या त्या कामगिरीला मी मनातल्या मनात नमस्कार केला. एकाखाली एक असे तीन कंदील होते. वरचे दोन पांढरे आणि सर्वांत खालचा पतंगाच्या लाल कागदाचा, चांगला हंडीएवढा. लांबून पाहता एक तेजस्वी पांढरी रेघ आणि तिच्या बुडाशी लालभडक ज्वाळा, असे ते सरळ वर चढत होते.

“गेलं! गेलं! ते बघा, गेलं!” टाळ्या, शिट्ट्या, मुलांचा कल्ला. पाटणकरांचे स्टूल हलले.

“मॅडम, एवढं हळू कसं?”

“फार लांबून पाहिलं, की वेगवान वस्तूही हळू दिसते,” मी म्हणाले.

“आवाज नाही आला?”

“आवाजाला इतकं अंतर कापता येत नाही.”

वाचकहो, ही दोन्ही विधाने पाठ्यपुस्तकातली आहेत. तोवर मी त्या रात्री एकही असत्य उच्चारले नव्हते, आणि माझी तशीच घरी जाण्याची इच्छा होती. पण तिसऱ्या मिनिटाला वर वाऱ्याचा झोत आला असावा. लाल कंदील हेलकावला, मेणबत्ती कलली आणि कागदाने पेट घेतला. जळता गोळा दोरीपासून सुटला आणि ठिणग्या सांडीत मिठागरांवर पडू लागला. वरचे दोन पांढरे ठिपके मात्र पुढे चढत राहिले.

“अरे, पडलं! वाट लागली!” कोणीतरी ओरडले.

“कांबळे, पडलं हो तुमचं!”

मी काकांकडे पाहिले. ते उभे राहिले होते, एक हात अजून खिशाशी. आणि तेव्हा, माझ्या शाळेतल्या बाईंनी कधी ऐकला नव्हता असा आवाज माझ्या तोंडून निघाला.

“पडलं नाही! पहिला टप्पा गळून पडला! काम झालं की तो तसाच पडायचा असतो!”

लगेच टाकीवरून पाटणकर, जणू हे त्यांना जन्मापासून माहीत होते अशा थाटात: “अर्थात! टप्पा! टप्पा पडला! टाळ्या!”

दोन पांढरे ठिपके एका ढगाच्या कडेला शिरेपर्यंत लोक टाळ्या वाजवीत होते. मुले काकांच्या भोवती गोळा झाली. “काका, तुमच्या आनंददादानं सोडलं?” काका कप भरत होते. पाटणकर टाकीवरून उतरले, आणि उत्साहाच्या भरात म्हणा की जागरणाने म्हणा, पहिला कप त्यांनीच उचलला. त्यांच्या हातात कप पाहिल्यावर पहिल्या मजल्याने उचलला, मग चौथ्याने. ‘आत्ताच झाला’ असे कोणी म्हणाले नाही. पाटणकरांनी दुसरा कप मागून घेतला. “आलं झकास लागलंय हो, कांबळेसाहेब.” ‘साहेब’ हा शब्द आमच्या जिन्यात काकांच्या नावामागे प्रथम त्या रात्री आला, तो कायमचा राहिला.

माझ्या सुखाला दुसऱ्याच दिवशी गालबोट लागले. फुगा किती वेगाने चढतो हे गृहीत धरूनच आमची सारी गणिते होतात. सावंतांनी तिन्ही कंदिलांचे वजन धरून वायू चोख भरला होता. पण एक कंदील गळाल्यावर फुगा हलका झाला आणि भराभर चढला. तेव्हा त्या रात्रीचा तिसऱ्या मिनिटानंतरचा वारा आमच्या नोंदवहीत चुकीचा आहे. सहकाऱ्याच्या आकड्यांपुढे मी शेऱ्यात ‘कंदील जळाला’ असे लिहिले, ते खरेच होते. तरी त्या पानाची मला आजही टोचणी आहे. आमच्या धंद्यात ढग, पाऊस, साहेब, सगळे चुकले तरी चालते. मोजमाप चुकून चालत नाही. मिठागरात सापडलेला जळका तुकडा हातात घेऊन वरिष्ठांनी विचारले, “लाल कागद का?” सावंत म्हणाले, “पांढरो संपलो.” कंदील तीन होते, हे सुदैवाने त्यांना कोणी सांगितले नव्हते.

दिवाळीत आनंद आला. दोन वर्षांनी आला. उंच, लाजरा, बापासारखाच हळू बोलणारा. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मिठाईचा पुडा घेऊन माझ्याकडे आला आणि दार लोटून घेऊन गोंधळलेल्या आवाजात म्हणाला, “मावशी, इथं सगळे मला भलतंच सांगतायत. पाटणकरकाका म्हणतात, तुझं रॉकेट बघितलं. पण त्या बुधवारी आमचं उडालंच नाही!”

माझ्या हातातला पुडा खाली पडला.

“वर वारा फार होता,” तो म्हणाला. “रॉकेट सोडायच्या आधी आम्हीपण फुगा सोडून वारा बघतो. फुग्यानंच घात केला. दुपारीच रद्द झालं. मी लगेच बाबांना तार केली. आणि पहिला टप्पा पडला म्हणतात! आमच्या रॉकेटला टप्पेच नाहीत, मावशी. एकच नळकांडं असतं.”

मी तशीच तिसऱ्या मजल्यावर गेले. काका दाराशी कंदिलाची वायर जोडत होते. म्हणाले, “काका, तार आली होती?”

“चार वाजता,” काका म्हणाले. वायर जोडणे थांबले नाही.

“मग सांगितलं का नाही कोणाला?”

“दूध येऊन पडलं होतं, ताई.” त्यांनी पक्कड खिशात ठेवली. “आणि खरं सांगू? रद्द झालं म्हटल्यावर कोण आलं असतं वर? म्हटलं, जमू द्या. वर आली, जागरण झालं, तर एकदा तरी पितील चहा. पिऊन झाला की मग तार वाचून दाखवू. हसू देत काय हसायचं ते. खिशातच होती. काढतच होतो, तेवढ्यात तुमचा दिवा वर आला.”

“माझा दिवा?”

“तुमचाच की. रात्रपाळीला डेपोत निघायचो, तेव्हा रोज बघायचो. साडेअकराला, त्याच जागी, पांढरा. तुम्ही त्या कामावर आहात ते कळल्यापासून तर मुद्दाम थांबून बघायचो. त्या दिवशी लाल बघितला आणि कळलं, हे आपल्याच घरचं कार्य म्हणून केलंय कोणीतरी.”

मला खाली पाहावे लागले. माफी मागायला आले होते, की माफ करायला, हेच समजेनासे झाले. “मी खोटं बोलले, काका.”

“मी कुठं खरं बोललो? आनंदला ताकीद दिलीय, गप बस म्हणून.” खालून जिन्यावर पाटणकरांचा आवाज चढत येत होता, “कांबळेसाहेब, फराळाला आलो हो!” असे ते दुसऱ्या मजल्यावरूनच ओरडत होते. काकांनी आत वळून गॅसवर आधण ठेवले, आणि मग पहिल्यांदाच मी त्यांना डोळे मिचकावताना पाहिले.

“पण ताई,” ते म्हणाले, “पहिला टप्पा लई झकास पाडलात.”